भिंतीला लावलेलं टेबल

तात्यांनी ओसरीच्या फरशीवर खडूने टेबलाचं चित्र काढलं आणि ते बघूनच माझं डोकं फिरलं. तशी मी लवकरच चिडते, घरात सगळ्यांना माहीत आहे. आई सकाळी माझ्या हातात आधी चहा देते आणि मगच बोलायला सुरुवात करते. पण त्या दिवशी चिडायला कारण होतं. चित्रातल्या टेबलाला चार पाय होते.

"तात्या, मी भिंतीत बसवायचं सांगितलं हुतं."

"भिंतीतलं नगं. पायाचं बरं."

"का पण?"

"बरं असतंय," असं म्हणून त्यांनी खडू खिशात टाकला. माझ्या वडिलांनी एकदा खडू खिशात टाकला की त्यांच्या लेखी चर्चा संपलेली असते.

मी रेश्मा. रिहे हे आमचं गाव, तिथेच वाढले, लग्न करून नाशिकला गेले आणि लग्न टिकलं नाही म्हणून परत रिह्याला आले. त्याबद्दल कुणी हळहळलं की मला राग येतो, म्हणून एवढंच सांगते. कंपनी हिंजवडीची, काम घरून. अगदी गरज पडली तर सूसच्या रस्त्याने गाडी काढून ऑफिस गाठते. परत आल्याला दोन पावसाळे उलटून गेलेत. तरी शेजारच्या धोंडाबाई रस्त्यात भेटल्या की अजून विचारतात, "कवा आलीस? किती दिवस हायेस?" माहेरी आलेल्या मुलीला विचारतात तेच. मी म्हणते, "बघू." दुसरं काय म्हणणार?

घरात मला खोली होती, मागची. लग्नाआधीही तीच होती. पण लॅपटॉपला जागा नव्हती. कामाला बसायचं ते कॉटवर, पाठीला उशी लावून. पाहुणे आले की कॉट रिकामी करायची. लॅपटॉप मग कधी फ्रिजवर, कधी तांदळाच्या पोत्यावर, कधी आईच्या कपाटात साड्यांच्या घडीवर. एकदा आईने त्याच्यावर कुरडयांचं ताट ठेवलं होतं. "सपाट हुतं म्हून ठिवलं," म्हणाली. शेवटी मी तो बॅगेतच ठेवायला लागले आणि बॅग दाराजवळच्या खिळ्याला. रोज सकाळी खिळ्यावरून काढायची, संध्याकाळी खिळ्यावर अडकवायची. आता निघायचंय अशी ती बॅग तिथे लोंबत असायची, आणि मला तिच्याकडे बघवत नसे. या घरात मी राहायला आहे की थांबायला, हे मला कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची हिंमत मलाही होत नव्हती.

म्हणून टेबल हवं होतं. मागच्या खोलीत भिंतीत एक फडताळ आहे, लहानपणी त्यात माझी दप्तरं असायची. माझा बेत सोपा होता. फडताळाच्या खालच्या कडेला एक रुंद फळी भिंतीत पक्की करायची. वर काम, आणि काम संपलं की लॅपटॉप फडताळाच्या खालच्या खणात. दार लावलं की विषय संपला. फळ्याही घरातच होत्या. परसातला फणस पडला तेव्हा तात्यांनी माझ्या लग्नातल्या पलंगासाठी त्या कापून आणल्या होत्या. सासरच्यांनी सांगितलं, फ्लॅटमध्ये सगळं आहे, काही आणू नका. तेव्हापासून त्या माळ्यावर पडून होत्या.

तात्यांची सगळी नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात गेली. मोठमोठी यंत्रं बाहेरगावी पाठवायची तर त्यांना लाकडी खोकी लागतात, ती खोकी हे बनवायचे. कुठलं यंत्र कुठे दबतं, कुठे हलतं, हे बघून आतल्या पट्ट्या ठोकायच्या. त्यामुळे टेबल करायचं म्हटल्यावर त्यांनी आधी लॅपटॉप मागून घेतला. तो मांडीवर घेतला, पालथा केला, उघडला, मिटला.

"हे झोपतंय का उभं ऱ्हातंय?"

"झोपवूनच ठेवायचं."

"हितं भोकं कशाला?"

"हवा लागती. काम करून करून तापतंय ते."

"मग त्याला खालनं पट्ट्या मारू, मदी फटी ठिवू. फळीवर झोपवलं तर उबायचं." त्यांनी चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळून बघितली. "आन ह्याचं शेपूट मागनं काढू."

हे सगळं फार छान चाललं होतं. मला हे सगळं फडताळात हवं होतं आणि त्यांना ते टेबलाच्या आतच करायचं होतं. टेबलाच्या वरच्या फळीचा डावीकडचा भाग झाकणासारखा उघडेल, खाली पट्ट्यांचा कप्पा, त्यात लॅपटॉप, शेजारी चार्जरला आणि माउसला वेगळं घर. कल्पना चांगली होती, मी कबूल करते. फडताळापेक्षा चांगली. मी म्हटलं, कप्पा टेबलात राहू दे, पण टेबल भिंतीला पक्कं करा. मागचे पाय नकोत.

"पाय पायजेत. आन सांधे पाचरीचे. पाचर काढली की पाय मोकळा."

"मोकळा कशाला करायचाय?"

"पोरीची वस्तू टेम्पोत चढली पायजे," तात्या म्हणाले.

हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही. त्यामागे धाकट्या आत्याचं कपाट आहे. आत्याच्या लग्नात तात्यांनी हौसेने सागाचं कपाट केलं होतं, तेही माजघरात बसून. पाठवणीच्या दिवशी कपाट दारातून बाहेर निघेना. आडवं करून झालं, तिरकं करून झालं. वऱ्हाड टेम्पोत बसून हाका मारतंय आणि तात्या करवत घेऊन नव्याकोऱ्या कपाटाचे पाय कापतायत. आत्याकडे ते कपाट अजून विटांवर उभं आहे, आणि दर दिवाळीला आत्याचे दीर त्या विटांची आठवण काढतात. तेव्हापासून मुलीसाठी जे करायचं ते सुटं करायचं, असा तात्यांनी नियमच करून टाकला. चुलत बहिणींचे पलंग, भाच्यांची कपाटं, सगळं पाचरीचं. गावात त्यांचं त्याबद्दल नाव आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ते वाक्य मला लागलं. कुठला टेम्पो? कुणी बोलावलंय?

फणफणत आत गेले आणि जोरात दार लावलं. बाहेरून आईचा आवाज आला, "दारानं काय केलंय तुजं?"

फळ्या माळ्यावरून खाली काढायला रोहित आला. रोहित माझा धाकटा भाऊ. तसा गुणाचा आहे. मी नाशिकहून परत आले तेव्हा एक शब्द न विचारता गाडी घेऊन न्यायला तोच आला होता. वाटेत फक्त एवढंच म्हणाला होता, "भूक लागली का?" त्यामुळे त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही.

फळ्या ओसरीवर ठेवून त्याने घाम पुसला. "तायडे, एक काम हुतं. वरचा मजला काढायचाय. हिंजवडीतली पोरं भाड्यानं खोल्या शोधत पार हितवर यायला लागलीत. पर त्याआदी वाडवडलांचं घर एका नावावर करून घिऊ. दिवाळीच्या आत पौडच्या कचेरीत जाऊन तू सही करून टाक, म्हंजे सुटलं."

"कसली सही?"

"हक्कसोडीची. सगळ्याच करत्यात की. आत्यानं न्हाई का केली?"

खरंच, सगळ्याच करतात. आमच्याकडे बहिणी पौडला जातात, सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, येताना सगळे मिळून मिसळ खातात. सही केली की माहेर उघडं राहतं, असं सगळे मानतात. केली नाही तर भाऊबिजेला ताट वाढलं जातं, पण वाढणारी बोलत नाही. नाशिकला असते तर मी डोळे मिटून सही केली असती. पण आता मी याच घरात राहत होते. जिथे राहते तिथला हक्क सोडायचा आणि मग तिथेच राहायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

"बघू," मी म्हटलं.

"घर तुजंच हाय की गं. सहीचं काय येवडं?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

तात्यांनी फळ्यांना रंधा मारला. आतून लाकूड पिवळंधमक निघालं, सगळ्या ओसरीभर वास सुटला. मी रागावलेली असूनही दुपारच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून त्यांच्याकडेच बघत बसायची. कप्पा झाला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. लॅपटॉप आत ठेवला तर कुठे म्हणून फट नाही, अगदी बेतलेला. तात्या खूश. मी म्हटलं, "आता काढा बाहेर." ते काढायला गेले तर बोट घालायलाही जागा नव्हती. त्यांनी सगळं आयुष्य वस्तू आत बसवल्या होत्या, बाहेर काढणारे लोक दुसऱ्या गावात असायचे. शेवटी टेबलच उलटं करून लॅपटॉप उशीवर पाडून घ्यावा लागला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात माझा निम्मा राग गेला. तात्यांनी मुकाट्याने कप्प्याच्या कडेला अर्धगोल खाच पाडली, बोटं जातील एवढी, आणि काचकागद फिरवून ती गुळगुळीत करून दिली.

टेबल उभं राहिलं. चार पाय, आठ पाचरी. सुंदर होतं. मी ते मागच्या खोलीत फडताळाखाली ठेवून घेतलं आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे, पाय तर पाय.

दोन-चार दिवसांनी मी कामात असताना रोहित एका मिस्त्रीला घेऊन खोलीत आला. मिस्त्रीने टेप काढली आणि माझ्या डोक्यावरून फडताळाचं माप घ्यायला लागला. मी कानातला हेडफोन काढून विचारलं, "हे काय?"

"जिना," रोहित म्हणाला. "ह्या भिंतीतनं वर काढायचाय. फडताळ फोडलं की बरोब्बर जागा मिळती. तुजं सामान म्होरल्या खोलीत घिऊ, आईच्या कॉटशेजारी. तात्या बोलले न्हाईत व्हय?"

"तात्यांना ठावं हाय?"

"मजल्याचं ठरलं तवापसनं ठावं हाय की."

मी लॅपटॉप मिटला. मिस्त्री बिचारा टेप गुंडाळून बाहेर गेला, त्याला माझा चेहरा बघून काय ते कळलं असावं. मी सरळ परसात गेले. तात्या भाताच्या खाचराकडे तोंड करून बसले होते, हातात कोयता आणि उगीच एक काठी तासत होते.

"तुमाला म्हाईत हुतं."

त्यांनी मान वर केली नाही.

"खोली जायाची हे म्हाईत हुतं म्हणून पाय लावले. म्हणून पाचरी. आन मी खुळी, मला वाटलं आत्याच्या कपाटामुळं."

"आत्याच्या कपाटामुळंच," तात्या म्हणाले. मग काठी फिरवून दुसऱ्या बाजूने तासायला घेतली. "भिंत रोहितकडं जायाची, रेसमे. आज न्हाई तर माज्या माघारी. भिंतीला जे लावलं ते भिंतीचं हुतं. उद्या तू म्हणलीस माजं टेबल, तर कोण काढून दिल? सुटं आसलं म्हंजे तुजं. कुणाला अडवता यायचं न्हाई. जितं जाशील तितं घिऊन जाशील."

ते खरं बोलत होते आणि माझ्याच भल्याचं बोलत होते, याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. त्यांनी मनापासून विचार करून, पट्टी-पट्टी जुळवून, मला या घरातून नीट बाहेर पडता येईल अशी सोय केली होती.

"तात्या, पर मला जायाचं कुटं हाय?"

त्यांचा कोयता काठीवर चालतच राहिला.

"सगळी मला इचारत्यात किती दिवस हायेस. तुमी इचारलं न्हाई कदी, म्हणून मला बरं वाटायचं. मला वाटायचं, तात्यांना इचारायची गरज न्हाई. पर तुमी तर टेबलच तसं केलंत."

मला रडायचं नव्हतं, मला भांडायचं होतं. पण दोन्ही एकदम होऊन बसलं. तात्यांनी कोयता खाली ठेवला. काठी तासून तासून काडी झाली होती. मी तिथून निघाले.

त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि पिरंगुटच्या हार्डवेअरमधून लोखंडी अँगल, बोल्ट आणि भिंतीत बसणारे फास्टनर घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, काय बसवायचंय, म्हटलं, मला. तो हसला. मी हसले नाही.

रविवारी रोहितचं ड्रिल मशीन घेतलं. टेबल भिंतीला टेकवलं, पेन्सिलने खूण केली आणि भोक पाडायला लागले. मला वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. मशीन घसरलं, गिलाव्याचे टवके उडाले, भोक पाहिजे त्यापेक्षा वर आणि तिरकं झालं. दुसरं पाडलं, तेही तसंच. धुरळा डोळ्यांत गेला. भिंतीकडे बघून कुणी म्हणालं असतं की इथे कोंबड्यांनी चोची मारल्यात. तरी मी थांबले नाही.

दारात तात्या येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते माहीत नाही. मी वळून म्हटलं, "अडवू नका."

"हितं वीट पोकळ हाय," ते म्हणाले. "हितं कवा बी धरायचं न्हाई."

आत आले. कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर बोटांनी ठोकत ठोकत गेले, एका जागी थांबले आणि फुली मारली. पुढे जाऊन दुसरी फुली. मग खाली बसले आणि टेबलाच्या मागच्या पायांच्या पाचरी हातोडीने मागून ठोकून काढल्या. पाय मोकळे झाले तसे ते बाजूला ठेवले. पुढच्या पायांच्या पाचरीही उपसल्या. मला वाटलं, टेबल उचलून घेऊन चालले. पण त्यांनी आईला हाक मारून फेविकॉलचा डबा मागवला, पुढच्या पायांच्या सांध्यांत बोटाने भरपूर भरला आणि त्याच पाचरी परत आत ठोकल्या. निघालेला फेविकॉल फडक्याने पुसून घेतला. मुलीच्या वस्तूला त्यांनी फेविकॉल लावलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

"धर," म्हणाले. मी टेबल धरलं. त्यांनी फुलीवर भोक पाडलं, सरळ, एका दमात. मग मशीन माझ्या हातात दिलं. "दुसरं तू. दाबू नगंस. त्याचं त्याला जाऊ दे."

मी पाडलं. थोडं तिरकं झालं, पण चाललं. अँगल बसला, बोल्ट आवळले. तात्यांनी टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून पाणी कुठे कलतंय का बघितलं.

ड्रिलचा आवाज ऐकून रोहित आला आणि दारातच थबकला. भिंतीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"तात्या, अवो, हे काय? आन जिना?"

"जिना भायेरनं काढ," तात्या म्हणाले.

"भायेरनं? मग गाडी कुटं लावू?"

"रस्त्यावं लाव. गाडीला काय हुतंय?" ते बोल्ट आवळतच होते. "आन पौडला सगळी मिळून जाऊ. सोडायचं कागद न्हाई करायचं. रेसमीचं नाव घालायचं ते बघू."

रोहितचा चेहरा उतरला. तो काही वाईट माणूस नाही, आधीच सांगितलं. पण त्याचं मनात ठरलेलं घर त्याच्या डोळ्यांदेखत बदललं होतं, आणि तो पाय आपटत निघून गेला. चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. पाचव्या दिवशी मिस्त्रीला घेऊन अंगणात मापं घेताना मला हाक मारून म्हणाला, "तायडे, पायरी किती उंच ठिवायची? तुज्या खिडकीम्होरं येतीय ती. उजेड आडायला नगं." मी खिडकीतून डोकं काढलं आणि सांगितलं. आत येऊन मात्र थोडी रडले, कारण याची मी तयारी केली नव्हती. तो भांडायला आला असता तर मी तयार होते.

बॅगेत आता काही नसतं. आई ती पौडच्या बाजाराला भाजी आणायला नेते, कप्पे लई हायेत म्हणते. खिळा तात्यांनी उपटून टाकला. संध्याकाळी काम संपलं की मी झाकण उचलते, खाचेत बोटं घालून लॅपटॉप पट्ट्यांवर झोपवते आणि झाकण लावते. मग त्याच टेबलाशी बसून चहा पिते.

परवा धोंडाबाई वाटीभर ताक मागायला आल्या होत्या. मागच्या खोलीपर्यंत आल्या, टेबल बघितलं. त्यांना वस्तू हाताने हलवून बघायची सवय आहे. कडेला धरून त्यांनी ओढून बघितलं, मग जरा जोर लावून ओढून बघितलं. टेबल हललं नाही.

"घट बसलंय की गं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी ताकाची वाटी घेतली, टेबलावर एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "उंद्या येती मी. माज्या नातीला असंच पायजे, तुज्या तात्यास्नी इचारून ठिव."